बंडप्पांच्या डब्यावरचा छाप

येडशीच्या बलभीम पेंटरचा हात चांगला होता. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच सांगत असे. निजामाच्या राज्यात सरकारी पाट्या उर्दूत लागत. बलभीमला अलिफ कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं, पण मौलवींनी कागदावर लिहून दिलं की वेलबुट्टी काढावी तसं तो ते फळीवर उतरवी. काम झालं की म्हणे, "मोकळेपणानं सांगा, काय चुकलंय?" आणि कुणी खरोखरच मोकळेपणानं सांगितलं, तर महिनाभर त्याचा रामराम घेत नसे.

अशा माणसाला बेचाळीस साली बंडप्पा तेलवाल्यांनी बोलावलं. त्यांच्या करडईच्या तेलाचे डबे आगगाडीनं लातूरला जात. त्यांवर नावाचा छाप हवा होता, मराठीत. बलभीमची छाती फुगली. आजवरच्या त्याच्या पाट्या भिंतीला खिळलेल्या; अक्षरांनी कधी गावाची शीव ओलांडली नव्हती. आता ती लातूरची पेठ बघणार!

आठ दिवस खपून त्यानं पत्र्यात 'बंडप्पा' कापलं. पत्रा डब्याला लावून बोळ्यानं रंग थोपटला की नाव उमटे. 'ब'चं आणि 'प'चं पोट पत्र्यातून गळून पडू नये म्हणून त्यानं मधे बारीक पट्ट्या राखल्या होत्या. पट्टीखाली रंग पोचत नसे, तिथं अक्षराला फट राही. सगळी कारागिरी त्या फटींतच होती.

बंडप्पांनी नमुन्याचा डबा हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. वास घेतला की काय कोण जाणे.

"बरं हाय. पण हडकुळं वाटतंय. नाव आमचं, तर आमच्याकडं बघून काढायचं की!" ते पोटावरून हात फिरवत म्हणाले.

"ठळक करतो, अप्पा."

"अन् हे कुठं कुठं तुटलंय का म्हणून?"

तेवढ्यात त्यांच्या आई, मल्लम्मा, गळ्यातलं लिंग सावरत उंबऱ्यात आल्या. "भंगलेलं लिंग गळ्यात बांधतंय का कुणी? मग माझ्या लेकाचं नाव भंगवून परगावी धाडता व्हय?"

"अव्वा, त्या फटी लागतात..."

"कुणाला लागतात?"

एका वाक्यात समजावता आलं असतं. पण खोड काढणाऱ्याला समजावणं म्हणजे खोड कबूल करणं, हा बलभीमचा हिशेब. "बरं, अव्वा. एक फट दिसली तर बलभीम म्हणू नका," म्हणत तो पत्रा काखेत मारून ताडताड घरी आला आणि त्यानं सगळ्या पट्ट्या कातरल्या. पोटं खणखण जमिनीवर पडली.

"अवं, अक्षरांची पोटं गेली की!" बायको कडूबाई ओरडली.

"गिऱ्हाइकाला पोट भरलेलंच पायजे."

आता डब्यावर दोन काळेकुट्ट गोळे उमटू लागले, आणि मधला 'ड' दोन पैलवानांत चेंगरलेल्या वाटसरूसारखा दिसू लागला. बंडप्पा खूश. "हां, आता कसं भरीव!" मल्लम्मांनी तर डब्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

पहिली खेप निघाली त्या दिवशी बलभीम स्टेशनावर गेला. अप्पांची फजिती बघायला चाललोय, असं कडूबाईला सांगून. खरं तर काळजी त्याला स्वतःच्याच अक्षरांची होती. लातूर बघणार ती हीच अक्षरं, आणि ती कुणाला वाचायला येणार नव्हती.

रामकिसन हमाल डबे चढवत होता. "पेंटर, हे कुणी काढलं वो?"

बलभीम सिग्नलाकडं बघू लागला. "का? काय वाईट हाय?"

"वाईट? आमाला वाचाया येतंय कुठं! आजवर समदे डबे सारखेच. चुकीचा उचलला की मुकादमाच्या शिव्या. हे दोन गोळे मातर पार तिकडनं वळखू येतात. लई डोस्कं चालवलंय बघा कुणीतरी."

बाकीच्या हमालांनीही माना डोलावल्या. गाडीनं शिटी दिली. बलभीमनं सदरा झटकला, टोपी सारखी केली.

"आमचंच काम," तो म्हणाला. "तरी अप्पा नको नको म्हणत होते."