सुगी आटपू दे

लॉर्ना ट्रेगेन्झाची जीभ तिखट आहे, हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात कुणी लपवत नसे. ती स्वतः तर मुळीच नाही. नेटबॉलच्या मैदानावर तिनं आयुष्यभर शिट्टी फुंकली. हरलेल्या पोरी रडायला लागल्या की म्हणायची, "रडून झालं की पाण्याच्या बाटल्या गोळा करा." चर्चच्या जत्रेत तिच्या मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्टी सर्वांत आधी संपत. कुणी तारीफ केली की सांगायची, "मीठ कमी पडलंय, तुला कळलं नाही एवढंच." नवरा क्लेम बार्लीचा शेतकरी. अबोल, राबणारा, आणि दर शुक्रवारी पबमध्ये तोल जाईपर्यंत पिणारा. ती कडक मेथडिस्ट पंथाच्या घरातली मुलगी, नाताळातही दारूला शिवायची नाही. तरी दोघांचं बरं चाललं होतं. तिनं बोलावं, त्यानं ऐकून घ्यावं आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसावं, अशी विभागणी होती.

आंघोळ करताना डाव्या स्तनात तिच्या हाताला गाठ लागली ती ऐन सुगीत. बार्ली कापणीला आली होती, आभाळ भरून येत होतं, आणि धान्याचा ट्रक सायलोपर्यंत, म्हणजे गावच्या कोठारापर्यंत, नेणारं घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं क्लेमला सांगितलं. त्यानं हार्वेस्टरखालून डोकं काढलं, तेलकट हात पुसले आणि म्हणाला, "सुगी आटपू दे. मग जाऊ दोघं." तिनं मान डोलवली. मग पाऊस पडला, कापणी लांबली, नाताळ आला, डॉक्टर सुटीवर गेला. तपासणी झाली तेव्हा उन्हाळा सरत आला होता आणि काखेतही दुसरी गाठ आली होती.

डावं स्तन काढलं. काही वर्षं बरी गेली. मग पाठ दुखायला लागली, मग बरगड्यांखाली उजवीकडे जड वाटायला लागलं. रोग हाडांत आणि यकृतात पोचला होता. आपण तेव्हाच आलो असतो तर काय झालं असतं, असं तिनं ॲडलेडच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "सांगता येणार नाही." 'काही फरक पडला नसता' असं तो म्हणाला असता तर क्लेम सुटला असता. 'वाचला असतात' असं म्हणाला असता तरी निदान एकदाची शिक्षा झाली असती. 'सांगता येणार नाही' हे मात्र रोज सकाळी नव्यानं उगवत राहिलं.

केमोनं यकृतातल्या गाठी आक्रसल्या आणि जाता जाता यकृतही आक्रसून, खडबडीत होऊन बसलं. घरी येणाऱ्या नर्सनं, जसिंटानं, ते समजावून सांगितलं. "लॉर्ना, फोटोत तुमचं लिव्हर एखाद्या बेवड्यासारखं दिसतं. औषधांनी होतं असं कधी कधी."

लॉर्ना हसली. हसताना पोटात साठलेलं पाणी हिंदकळलं. "चाळीस वर्षं बिअर ढोसली यानं, आणि लिव्हर बसलं माझं. देवाच्या पोस्टमननं पत्ता चुकवला."

पोटात पाणी भरे, इतकं की सातव्या महिन्यातली बाई दिसे. हॉस्पिटलात नळी घालून ते काढत, पुन्हा भरे. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, ती रक्त येईस्तोवर खाजवी. आणि एक चिकट, गोड औषध सुरू झालं. यकृत रक्तातली घाण गाळत नाही, ती मेंदूत चढते; म्हणून या औषधानं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, असं जसिंटा म्हणाली. पोट साफ तर डोकं साफ.

पोट साफ होई, पण संडासापर्यंत पोचायला पाय नसत. चादरी क्लेम धुवायचा. जिनं कधी दुसऱ्याला आपलं ताट उचलू दिलं नाही तिला तो पुसायचा, आणि ती छताकडे बघत विचारायची, "क्लेम, सुगी आटपली का रे?"

शौचाचं भांडं आणलं की हे. सूप आणलं की हे. आवाज चढवून नाही, सहज, हवापाणी विचारावं तसं. तो बाहेर जाऊन चादरी दोरीवर टाकायचा आणि तिथंच उभा राहायचा.

मग दुखण्याच्या गोळ्यांनी तिचं पोट एकदा घट्ट बसलं. सकाळी तो चहा घेऊन गेला तर ती उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती, आणि ती नजर त्यानं लग्नानंतर कधी पाहिली नव्हती.

"क्लेमी," ती म्हणाली. "बाबांना विचारलंस?"

"काय?"

"घाबरू नको. ते ओरडतात, पण तू त्यांना आवडतोस. मला सांगितलंय त्यांनी." तिनं त्याचा हात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून कुरवाळली. चहा गार झाला. दुपारी जसिंटा आली, तिनं एनिमा दिला, औषध वाढवलं. दुसऱ्या दिवशी लॉर्ना म्हणाली, "असा काय बघतोस मेंढरासारखा? भांडं आण."

क्लेमनं पहिल्यांदा औषध चुकवलं ते दमला होता म्हणून. दुसऱ्यांदा तो दमलेला नव्हता. मग तो मापात औषध ओतून मोरीत सांडू लागला, कारण बाटली उतरत जायला हवी होती. तिचा त्रास कमी होतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चादरी नाहीत, लाज नाही, तो प्रश्न नाही. ते खोटंही नव्हतं. ती दिवसभर झोपे, जागी झाली की त्याला क्लेमी म्हणे, चर्चची गाणी अर्धवट गुणगुणे. एकदा त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "तू तुझ्या बाबांसारखा दगड होणार नाहीस ना?" तो म्हणाला, "नाही." त्याला इतकं बरं वाटलं की तो स्वयंपाकघरात जाऊन रडला.

त्याच आठवड्यात जसिंटा रजेवर गेली आणि पर्थहून मुलगी आली. केरिन नुकती बाळंत झाली होती. आईनं बाळ बघावं म्हणून डॉक्टरच्या परवानगीची वाट बघून ती विमानानं आली होती. तिनं बाळ आईच्या कुशीत दिलं. लॉर्नानं त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं गं हे? शेजारच्यांचं?"

"तुझा नातू, आई. टोबी."

"गोड आहे. त्याच्या आईला दे हो, भूक लागली असेल."

केरिन बाहेर येऊन बापाच्या खांद्यावर पडली. "शेवट असा असतो का, बाबा?"

तेव्हा सांगता आलं असतं. औषध दिलं असतं तर दोन दिवसांत लॉर्ना परत आली असती, केरिन अजून चार दिवस तिथंच होती. क्लेमनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "असाच असतो," तो म्हणाला.

केरिन गेल्यावर जसिंटा रजेवरून परतली. तिनं लॉर्नाला दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला लावले. पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडले; घाण मेंदूत चढल्याची ही खूण तिला ठाऊक होती.

"औषध घेतात ना?"

"घेते की. तीनदा."

"आणि पोट?"

"साफ."

जसिंटानं खिडकीतून पाहिलं. "मग क्लेम, दोरीवर चादरी कुठं आहेत?"

ती त्याच्याकडे वळली. "अशानं बेशुद्धीत जाऊन मेल्या असत्या."

"मरणारच आहे ना ती."

"हो. पण शुद्धीत मरायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. तुम्ही नाही."

लॉर्नाला हॉस्पिटलात नेलं, पोटातलं पाणी काढलं, औषध दिलं. ती घरी आली तेव्हा डोळे पिवळेजर्द होते, पण नजर तीच, जुनी, धारेची. तिनं केरिनला फोन केला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवला आणि क्लेमला हाक मारली.

"बाळ आलं होतं इथं?"

"हो."

"मी घेतलं होतं त्याला?"

"हो."

"कसं होतं?"

तो दारात उभा राहिला. "कपाळ तुझ्यासारखं आहे."

"जड होतं? अंगाला वास कसला होता?"

त्याला आठवेना. त्यानं बाळाकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो लॉर्नाकडे बघत होता.

"जसिंटा काही बोलली नाही," लॉर्ना म्हणाली. "पण हॉस्पिटलात औषध सुरू झालं नि दोन दिवसांत मला सगळं कळायला लागलं. मला हिशेब येतो, क्लेम. तू ते देत नव्हतास." ती उत्तरासाठी थांबली नाही. "पाण्याचा पेला ठेव आणि जा."

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, केरिनलाही नाही. पण त्या दिवसापासून औषध जसिंटा आणि शेजारची बाई देऊ लागल्या, आणि लॉर्ना क्लेमशी बोलायची थांबली. तो प्रश्नही संपला. तो सूप घेऊन जाई, ती खाई. तो पुसे, ती छताकडे बघे. एकदा चादर ओढताना तोच म्हणाला, "लॉर्ना, विचार ना मला काहीतरी." तिनं मान भिंतीकडे वळवली.

थंडीच्या सुरुवातीला मूत्रपिंडं थकली. आता कितीही औषध दिलं तरी डोकं साफ होणार नाही, असं जसिंटानं सांगितलं. ते ऐकून क्लेमच्या मनात जे आलं त्याची त्याला लाज वाटली, पण आलं खरं. त्यानं दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला. खुर्ची खाटेजवळ ओढून तो बसला आणि 'क्लेमी' या हाकेची वाट बघू लागला.

लॉर्नानं डोळे उघडले. त्याला पाहून ती मागे सरकू लागली. अंगात त्राण नव्हतं तरी टाचा गादीत रोवून मागे, भिंतीपर्यंत. "हा कोण आहे?" ती जसिंटाला म्हणाली. "याला बाहेर काढ. हा मला मारायला आलाय."

"क्लेम आहेत, लॉर्ना."

"क्लेम नाही हा. क्लेम शेतावर आहे. सांगा त्याला कुणीतरी. लवकर ये म्हणावं."

तो उठून गेला. पुन्हा आला तर ती किंचाळली. जसिंटानं हलकेच दार लोटून घेतलं. दोन दिवस तो व्हरांड्यात बसून राहिला. आतून लॉर्ना त्यालाच हाका मारत होती आणि त्याला आत जाता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी हाका थांबल्या.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये सँडविच होती, पेस्टी होत्या. म्हाताऱ्या बायका येऊन क्लेमचा हात दाबत होत्या. एक म्हणाली, "नवऱ्यानं बायकोचं एवढं केलेलं आम्ही पाहिलं नाही बाबा." त्यानं मान हलवली. जसिंटा कोपऱ्यात उभी होती. ती कपाकडे बघत राहिली.

केरिन बाळाला खांद्यावर घेऊन शेजारी येऊन बसली. "बाबा, एक गोष्ट बरी झाली. मी आले त्या आठवड्यात आई किती मऊ बोलत होती. मला कधी अशी भेटलीच नव्हती ती. मोठा झाला की याला मी तीच आई सांगणार आहे."

क्लेमनं तोंडातला घास गिळला.

"हो," तो म्हणाला. "त्या आठवड्यात बरी होती ती."