अडकित्ता, लेझर आणि आत्याचे हात

आमच्या घरात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यामुळेच घर आजवर नीट चाललं होतं.

बिघडलं ते आजोबांच्या पितळी अडकित्त्यावरून. आत्या म्हणते तो तिचा, बाबा म्हणतात त्यांचा. शेवटी मी (नांदुऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांपासूनचा) मधे पडून शहाणपणा केला. म्हटलं, अडकित्त्याचा होलोग्राम करतो. खास काचेच्या प्लेटवर लेझर मारायचा, प्लेट औषधात धुवायची, की काचेच्या आत अख्खा अडकित्ता दिसतो, मान हलवली तर त्याची बाजूसुद्धा दिसते. खरा आत्याला, काचेतला बाबांना. मात्र होलोग्राम जमला तरच खरा द्यायचा. आत्या पिशवी घेऊन जळगावहून हजर झाली. दुपारच्या गाडीने अडकित्ता घेऊनच परत जायचं होतं तिला.

पहिली प्लेट धुतली, तर तव्यासारखी काळी. प्लेटा पाठवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "कुठून तरी उजेड लागतोय."

झालं! मला एवढंच पुरे होतं.

"बाबा, डार्करूमचं दार तुम्ही उघडलं?"

"मी काऊन उघडू बे?"

"त्यानंच उघडलं असन," आत्या म्हणाली. "होलोग्राम बिघडला का अडकित्ता याच्याच घरी राह्यते."

"अन् तू मघा खिडकीपाशी काय करून राह्यली होती?"

"तुह्यावर नजर ठेवून राह्यली होती."

मी खिडकीवर गोधडी ठोकली, कुलपाच्या भोकात कापूस कोंबला (नांदुऱ्यात कापसाला तोटा नाही), सगळ्यांचे मोबाईल कणकीच्या डब्यात ठेवले. दुसरी प्लेटही काळी. मग मी बायकोच्या साडीवर संशय घेतला. जरीचा काठ चमकत असेल!

"पोळ्या करताना जरीची साडी कोन नेसते?" शोभा म्हणाली. साडी साधी सुती निघाली. तरी मी तिच्या बांगड्या उतरवून ठेवल्या.

आता एकच उपाय होता. तिघांनाही डार्करूममध्ये डोळ्यांसमोर बसवायचं. डार्करूममध्ये लाल बल्ब असतोच, फोटोच्या कागदाला लाल उजेड लागत नाही. फोटोवाल्याच्या घराण्यात तो देवाच्या जागी; खंडेनवमीला आम्ही त्याला फूल वाहतो. पण एका बल्बात आत्याचे हात नीट दिसेनात, म्हणून मी दुसरा लावला. प्लेट पहिलीपेक्षा काळी झाली.

शेवटची प्लेट उरली. गाडीची वेळ होत आली होती आणि बाबांचा चेहरा भलताच प्रसन्न होता. मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्यासाठी तिसरा बल्ब लावायला उठलो. तेवढ्यात लाईट गेली.

लेझर सेलवर चालणारा, त्याची अडचण नव्हती. पण मिट्ट काळोखात या लोकांवर लक्ष कसं ठेवायचं?

"एकमेकांचे हात धरा," मी म्हणालो. "कोणी सोडला तर समजून जाईन."

"तुहा हात एवढा गार काऊन हाय?" बाबांचा आवाज आला.

"बीपी हाय मले," आत्या म्हणाली. "कधी इचारलं का तू?"

मी चाचपडत लेझर मारला, चाचपडतच प्लेट औषधातून काढली. बाहेर आणून सुपाने वारा घातला आणि उन्हात धरली. काचेत अडकित्ता होता, दांडीवरच्या मोरासकट.

शोभा बराच वेळ बघत होती. "अहो, लेझर कोन्या रंगाचा होता?"

"लाल."

"म्हंजे या प्लेटीले लाल उजेड लागते. मंग थे लाल बल्ब?"

सकाळपासून मी या तिघांवर जितकं बारीक लक्ष ठेवत होतो, तितक्या निष्ठेने स्वतःच्या हाताने प्लेटा जाळत होतो.

माफी मागायला वळलो, तर आत्याने काच पदरात गुंडाळलेली.

"खरा तुलेच राहू दे, दादा. मले हाच पाह्यजे."

"ठरलं होतं ना? काचेतला माहा," बाबा म्हणाले. "तिले दुसरा करून दे बे."

"प्लेटा संपल्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"लपवली असन यानं," आत्या म्हणाली.

"खिसे पाहा त्याचे," बाबा म्हणाले.

खिशात खरा अडकित्ता निघाला (या दोघांपासून जपायला मीच ठेवला होता). आत्याने तो माझ्याच खिशात परत ठेवला आणि स्टेशनाकडे निघाली. काचेवर नजर ठेवायला बाबाही तिच्यासोबत गाडीत चढले. ते अजून जळगावलाच आहेत. अडकित्ता माझ्याकडे आहे, आणि मी सुपारी खात नाही.