आठ वाट्यांचं कोडं

आठही माणसांची तोंडं मी टेबलाकडे धरली आणि तिथंच चुकलो. माणसं म्हणजे आमच्या वरणाच्या वाट्या. गोल टेबलाभोवती कोण कुणाच्या उजवीकडे बसलंय, ते ओळखायचं कोडं होतं. आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसे असली कोडी घालणाऱ्या बँकेच्या परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली निघाले. आमची मुलगी इथल्याच पंडरी भागातल्या क्लासला गेली, बँकेत लागली आणि जगदलपूरला निघून गेली. तिचं कोड्यांचं पुस्तक मात्र घरीच राहिलं. तिला फोन करायला निमित्त हवं, म्हणून मी रोज त्यातल्या एखाद्या कोड्यावर अडतो.

"पापा, सबका मुँह बाहर की तरफ है. सवाल पूरा पढ़ा करो," ती म्हणाली. समोर ग्राहक उभे होते, तिनं फोन ठेवला. मिनिटभरात कोडंही सुटलं आणि बोलणंही संपलं. मी एकेक वाटी फिरवायला लागलो. वाटीला पाठपोट नसतं, हे पाचवी फिरवल्यावर लक्षात आलं.

बायको दारातून पाहत होती.

"आता दोघांचंच मांडा," ती म्हणाली. "माह्या उजवीकडे बी तुम्ही, डावीकडे बी तुम्हीच. पोरीले विचारायचं कामच नाही. द्या दोन वाट्या इकडे, वरण वाढून राहिली मी."