मिशी, बांध आणि बर्फाचा ठेकेदार
काल शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर ओली खडी ओतली आणि तिचा गार वास नाकात शिरताच माझा हात आपोआप मिशीवर गेला. गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची. मुलगी ड्राइव्ह करत होती, दोन्हीकडे मका, आणि मक्यातून मैलोन्‌मैल अजगरासारखा वळत गेलेला उंच बांध. मी जन्मभर मातीचे बांध घातलेला इंजिनिअर. गाडी थांबवायलाच लावली. "हे माणसाचं काम नसेल तर मिशी उतरवीन!" मी असा गरजलो की चार शेतांतली कणसं हलली. "बाबा, प्लीज, मिशीवर नको," मुलगी म्हणाली. बांधाच्या टोकाला खडीची खाण होती. तिची मालकीण, सत्तरीची शेतकरीण, लोडरवरून उतरली. "ठेकेदार कोण होता?" मी विचारलं. "बर्फ," ती म्हणाली. हिमयुगात इथे डोंगराएवढा बर्फ होता म्हणे, त्याच्या पोटातल्या बोगद्यातून नदी वाहायची. नदीने त्या बोगद्यात वाळू-गोटे आणून टाकले, बर्फ वितळला आणि नदीचा तळ असा उघड्यावर उभा राहिला. तिने खाणीची कापलेली भिंत दाखवली. चाळून घातल्यासारखे थर, आणि गोटे तर लाडवांसारखे वळलेले! माझ्या बांधांच्या उतारावरचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, दरवर्षी ढासळायचं. हा हजारो वर्षं जागचा हलला नव्हता. मी हात जोडले. "जाऊ दे ना बाबा, पैज कुणी ऐकली नाही," मुलगी कुजबुजली. "त्याने ऐकलीय," मी बांधाकडे बोट दाखवलं, आणि संध्याकाळी मोटेलच्या आरशासमोर शब्द पाळला. मिशी महिन्याभरात पुन्हा आली; तसा बांध मात्र मला सात जन्मांत घालता येणार नाही.