पावमिलींचं छोटं मशीन

आमच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे ‘पावमिली’ म्हणत आणि तोंडावर काका. पाव मिलीमीटरसाठी माणूस किती भांडू शकतो हे ज्याने ऐकलं नाही, त्याला या नावाची गंमत कळायची नाही. आम्ही दुकानांसाठी कार्डाची मशीनं बनवायचो. बाहेरचं खोकं आणि कार्ड जायची फट हे काकांचं काम, आतला प्रोग्रॅम माझा. टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळे सहा वर्षं त्यांच्या भांडणांची पहिली श्रोती मीच. साचेवाला असो, स्प्रिंगवाला असो, फोनवर सूर तोच: “अहो, कार्ड पाऊण मिलीमीटर जाड. तुम्ही फट ठेवलीत सव्वाची. आत नाचायला बोलावलंय का त्याला?”

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिली दोन वर्षं मला हा माणूस सहन होत नव्हता. मग एकदा त्यांनी त्यांचा ड्रॉवर उघडून दाखवला. आत मुदत संपलेली दोनशे कार्डं होती. पाकिटात बसून वाकलेली, कपड्यांबरोबर धुतली गेलेली, एक तर कुत्र्याने चावलेलं. “लोकांची कार्डं अशी असतात,” ते म्हणाले. “नव्या कोऱ्या कार्डावर कुठलंही मशीन चालतं. त्यात काय मोठेपणा?” त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने भांडायला लागले.

चिपचं काम त्यामानाने सोपं. कार्ड आत खोचलं की आठ बारीक स्प्रिंगा सोनेरी चौकोनांवर बसतात, आणि वाचून होईपर्यंत कार्ड जागचं हलत नाही. खरी कटकट काळ्या पट्टीची. ती वाचणारं टोक असतं मसुराच्या डाळीएवढं, आणि कार्ड ओढताना पट्टी त्याला घासूनच जायला हवी. फट लांब असली की कार्ड सरळ जातं. आखूड असली की डुलतं, आणि डुललं की वाचलं जात नाही. म्हणून मशीन लहान करायचं म्हटलं की सगळ्यांची गाडी इथेच अडायची.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना काकांनी काडेपेटीएवढं मशीन करायचं मनावर घेतलं. एका कडेला पट्टीची फट, दुसऱ्या कडेला चिपची. पट्टीची फट फक्त अडतीस मिलीमीटर. इतकी आखूड फट बाजारात कुणाचीच नव्हती; निदान काका तसं म्हणायचे आणि कुणाची खोटं ठरवायची छाती नव्हती. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारा हा माणूस, पण या मशीनचा नमुना शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा. दारावरच्या वॉचमनलासुद्धा दाखवून झाला होता.

तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. दुपारचा चहा झाला की प्रत्येकाने ड्रॉवरमधलं एक कार्ड उचलायचं आणि दहा वेळा घासायचं. यातून कुणाची सुटका नाही. हिशेबनीस बाई, ड्रायव्हर, मोठे साहेब, सगळे रांगेत. सुरुवातीला या छोट्या मशीनने आमची दमछाक केली. हळूहळू आकडा चढला. दोन महिन्यांनी शंभरातली अठ्ठ्याण्णव कार्डं पहिल्या खेपेला वाचली जायला लागली. दोन महिन्यांत फटीत काडीचाही बदल झालेला नव्हता, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. साहेब खूश झाले आणि साच्याची तारीख ठरली, सोमवार. पोलादाचा साचा एकदा कोरला की फट बदलायची म्हणजे नवा साचा, नवा खर्च आणि साहेबांचं नवं रक्तदाबाचं औषध.

एक नमुना काकांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला दिला होता. तिचं बटणं, दोरे, चेन आणि अस्तराचं छोटं दुकान. काका दर रविवारी दुपारी तिथे जायचे आणि सोमवारी येऊन सांगायचे, “ताई म्हणते, छान चाललंय.” साचा कोरायच्या आधी दुकानातल्या मशीनची नोंद बघावी म्हणून गुरुवारी मी तिथे गेले. कुठलं कार्ड कधी घासलं आणि वाचलं गेलं की नाही, एवढं मशीन लिहून ठेवतं.

मशीन गल्ल्यावर नव्हतं. काकांच्या ताईंनी, मी त्यांना मावशी म्हणते, ते खालच्या खणातून, रेशमी दोऱ्याच्या रिळांमागून काढून दिलं. मी वायर जोडून नोंद उघडली. पहिल्या दोन दिवसांत त्रेपन्न वेळा पट्टी घासलेली, त्यातल्या एकतीस वेळा वाचलीच गेली नव्हती. त्यानंतर काही नाही. मग एक रविवार, चार ते पाचच्या मधे. पुढचा रविवार, तीच वेळ. त्याच्या पुढचाही. आणि या रविवारांच्या नोंदी सगळ्या पहिल्या खेपेला वाचलेल्या.

“मावशी, हे फक्त काकाच वापरतात?”

त्या काचेवरचा दोऱ्याचा तुकडा उचलत म्हणाल्या, “तो घासतो तेव्हा लगेच चालतं गं. आमच्या हाताला काही ते दाद देत नाही. एका म्हातारीने सहा वेळा घासलं आणि बटणं इथेच ठेवून निघून गेली. मग मी आपलं जुनं काढलं.” जुनं धूड गल्ल्यावर होतं. रविवारी ते पडद्यामागे लपायचं आणि छोटं वर यायचं.

“पण त्यांना सांगायचं नाही का?”

“आई-वडील गेले तेव्हा तो अकराचा आणि मी एकोणीसची. वह्या, चित्रं, पहिली नोकरी, त्याने जे जे दाखवलं त्याला मी छानच म्हणत आले. आता साठीला टेकलाय, शेवटचं काम करतोय. आता वाईट म्हणू?” आणि माझा हात धरून म्हणाल्या, “तू पण बोलू नकोस हं.”

मी मान डोलावली. डोलवायला नको होती. बाहेर पडल्यावर मला त्यांचा इतका राग आला की घरापर्यंत चालतच गेले. ही असली माया काय कामाची? सोमवारी ते मशीन पोलादात कोरलं जाणार होतं, मग अशी हजारो बनून हजारो गल्ल्यांवर बसणार होती, आणि पावमिलींची शेवटची आठवण म्हणून लोक त्यांना शिव्या घालणार होते. आणि मी, जिला भांडायला निमित्त लागत नाही, ती मूग गिळून बसणार होते.

शुक्रवारी सकाळी काकांनी विचारलं, “काय म्हणतंय ताईचं मशीन?”

मावशींना दिलेला शब्द मी तोंडाने मोडला नाही. नोंदीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी चष्मा लावला. तारखांवरून बोट खाली गेलं, परत वर आलं, परत खाली.

“सगळे रविवार आहेत,” ते म्हणाले.

मग त्यांनी मशीन खिशात टाकलं, ड्रॉवरमधली मूठभर कार्डं घेतली आणि चालायला लागले. मी मागोमाग. समोरच्या बसथांब्यावर माणसं उभी होती. काका एकेकाला म्हणत होते, “जरा हे घासून दाखवता का? पैसे कापले जाणार नाहीत, कार्ड मेलेलं आहे.” लोक हसत होते, घासत होते. कुणी मधेच थांबायचं, कुणी कार्ड स्वतःकडे कलतं करायचं, कुणी शेवटाला उचलून घ्यायचं. विसांपैकी अकरा जणांचं पहिल्या खेपेला वाचलं गेलं नाही. आम्ही मात्र मनगट ताठ ठेवून एका दमात ओढायचो. कुणी शिकवलं नव्हतं. रोज चहानंतर दहा वेळा करून हाताला वळण लागलं होतं. मशीन होतं तसंच राहिलं आणि आम्ही सुधारलो.

सोमवारच्या बैठकीत काका उभे राहून म्हणाले, “साचा कोरू नका. फट बावन्नच्या खाली चालणार नाही.”

साहेब लाल झाले. “काका, अडतीस तुम्हीच सांगितलंत!”

“मीच सांगितलं. चुकलं माझं. आणि तपासायची पद्धतही माझीच, तीही चुकली.”

एवढं बोलून ते बसले. मशीन आता काडेपेटीएवढं राहणार नव्हतं आणि त्यांच्या निवृत्तीच्या आधी बाजारातही येणार नव्हतं. चहानंतरची रांग त्यांनी त्याच दिवशी बंद केली. बावन्नचा नमुना घेऊन रोज नवा बसथांबा गाठायला लागले.

मी एकदा विचारलं, “मावशींना काही बोललात का?”

“परवा गेलो होतो. तिने ते खणातून काढून गल्ल्यावर ठेवलं होतं. पुसूनसुद्धा ठेवलं होतं.” मग म्हणाले, “मी घासलं, ते चाललं. ती छान म्हणाली. माझ्याने काही बोलवेना.”

पण नवा नमुना द्यायला गेले तेव्हा बोलले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच कळलं की जुनं मशीन पडद्यामागून काढून ते स्वतः काखोटीला मारून घेऊन आले, म्हणजे मावशींना दुसरा पर्यायच राहिला नाही.

निवृत्तीला बारा दिवस उरले होते. बुधवारी, भर कामाच्या वेळी त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका चढलेला की त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि सगळ्या ऑफिसने ऐकलं.

“अरे, काय बनवलंयस हे? पट्टी वाचतं एकवेळ, पण चिपचं कार्ड घालताना कडेला अडकतं! माझं नख तुटलं. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं वैतागून बोलली मला. आणि तो हिरवा दिवा कुणासाठी लावलायस, मुंग्यांसाठी? मला तर दिसतच नाही!”

“हो ताई,” काका म्हणाले. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. “अजून?”

“अजून म्हणजे? एवढं कमी आहे का? माझं जुनं परत आणून दे!”

“नाही देणार. अजून काय ते सांग.”

मावशी बराच वेळ सांगत होत्या. काका लिहीत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून बाहीने डोळे पुसले आणि तसंच पुढे लिहीत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला.

“ताई रागावली माझ्यावर,” ते म्हणाले. “जन्मात पहिल्यांदा.”

मग कागद माझ्याकडे सरकवला. “दिवा तुझ्याकडे. कडेचं मी बघतो.”