पहिली रायफल आणि चांगली काच

विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडे, कागदगिरण्यांच्या एका लहान गावात मी सहा वर्षं काढली. कागदाच्या यंत्रांना लागणारे मोठाले रोलर बनवणाऱ्या कारखान्यात मी डिझाइन इंजिनियर होतो. गावात मराठी घर आमचं एकटंच. गणपतीला आम्ही चार-पाच तास गाडी हाकत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मित्रांकडे जायचो, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीला घेऊन परतायचो.

कारखान्यातली माणसं भली होती, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांचा विषय एकच असायचा, हरणांची शिकार. नोव्हेंबरात नऊ दिवस शिकारीचा हंगाम. त्याच्या गोष्टी वर्षभर पुरायच्या. मी डबा खात ऐकत राहायचो. मला विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं.

2005 च्या हंगामात सोमवारी कामावर गेलो तर निम्मा कारखाना रिकामा. डिस्पॅच ऑफिसात मात्र एक बाई नेहमीसारख्या बसल्या होत्या. वय पासष्टच्या पुढे, केस आखूड पांढरे, बोलणं मोजकं. माझ्या रोलरांचे कागद त्याच बघायच्या. सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मीही मारायचो, पण मनात त्यांना मावशी म्हणायचो. त्यांची स्वतःची चाळीस एकर रानजमीन होती आणि त्या दरवर्षी शिकारीला जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा इथे कशा, असं मी सहज विचारलं.

त्यांनी कॉफी ओतली आणि सांगितलं, की नवरा वसंतात वारला, मुलगा टेक्सासला असतो, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकटीने रानात जायला मनाई केली आहे. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी काय बोललो ते माझं मलाच कळायच्या आत बोलून गेलो, पुढच्या वर्षी मी येऊ का बरोबर?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नुसतं मारलेलं हरिण ओढायला येणार असशील तर नको," त्या म्हणाल्या. "यायचं तर शिकून ये."

मग मी शिकायला लागलो. त्या राज्यात माझ्या वयाच्या माणसाला शिकारीचा परवाना हवा तर आधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. ऑगस्टात गावच्या अग्निशमन केंद्रात तो भरला. बाकीचे सगळे विद्यार्थी बारा वर्षांचे, आणि मागच्या बाकावर बत्तीस वर्षांचा मी. परीक्षेत मला दुसरा नंबर मिळाला. पहिली आलेली मुलगी वेणीवाली होती, आणि तिने जाताना माझ्याशी हस्तांदोलन केलं.

घरी बायकोला हे काही पसंत नव्हतं. ती नागपूरची. कोंबडी-मटण स्वतः झणझणीत करणारी, पण बंदूक घरात, आणि तीही चार वर्षांची पोर असताना, हे तिच्या पचनी पडेना. दोन आठवडे आम्ही त्यावर बोललो, भांडलो म्हटलं तरी चालेल. शेवटी तिने विचारलं, की तुला खरंच शिकार करायची आहे, की तुला कोणीतरी बोलवायला हवं आहे? मी म्हणालो, दोन्ही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रायफल कुलपात. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि तो बोल्ट की काय, जो काढला की ती नुसती नळी उरते, तो माझ्याकडे. तुला हवा तेव्हा माझ्याकडे मागायचा."

खर्चाची मर्यादाही तिनेच घातली. रायफल, तिच्यावर बसवायची दुर्बीण, गोळ्या, नारिंगी कोट, सगळं मिळून पाचशे डॉलर. घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं.

पाचशेत काय बसतं ते शोधायला मी इंटरनेटवर बसलो. प्रत्येक फोरमवर प्रत्येकाचं मत वेगळं आणि ठाम. महिनाभर वाचून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एकवीस रायफली, गोळीचा वेग, तीनशे यार्डांवर गोळी किती खाली येते, वजन, किंमत. दुर्बिणीसाठी वेगळं पान. तक्त्यात सगळ्यात वर आली ती दांडगी, जास्त दारूच्या मॅग्नम गोळीची रायफल आणि चोवीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण. छापून मी तो मावशींच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "यात तुझ्या हाताची लांबी कुठे आहे?"

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं, की माझी उंची साडेपाच फुटाच्या आतबाहेर. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, लांब असला तर डोळा दुर्बिणीपाशी नीट येणार नाही, आणि मान ताणून नेम धरायची सवय लागेल. दुसरं म्हणजे त्यांच्या रानात झाडी इतकी दाट, की ऐंशी यार्डांपलीकडे हरिण दिसतच नाही. तीनशे यार्डांचा रकाना काय कामाचा? आणि मॅग्नमचा धक्का असा, की नवशिका दुसऱ्या गोळीपासून चाप ओढताना डोळे मिटतो. "रायफल जुनी चालेल," त्या म्हणाल्या. "पैसे उरतील ते दुर्बिणीच्या काचेत घाल."

ऑक्टोबरात एका शनिवारी त्या मला शेजारच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेल्या. पुढे रंगाचे डबे, खिळे, बर्फ ओढायची फावडी, आणि सगळ्यात मागे भिंतीला वीसेक रायफली. दुकानदार म्हातारे, एका कानाने कमी ऐकणारे. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री करून एकेक रायफल हातात दिली आणि सांगितलं, डोळे मीट, खांद्याला लाव, गाल टेकव, आता डोळे उघड. पाच रायफलींत मला एकदा दस्ता दिसला, एकदा छत, एकदा दुर्बिणीच्या कडेची काळी चंद्रकोर. सहावीला डोळे उघडले आणि समोर स्वच्छ गोल चित्र. साधी, तीनशे आठ नंबरच्या गोळीची, अक्रोडी दस्त्यावर ओरखडे असलेली जुनी रायफल. आधीच्या मालकाने दस्ता बोटभर कापून आखूड करून घेतला होता. माझ्या तक्त्यात ती नव्हतीच.

मग सरकारी फॉर्म भरला. ग्रीन कार्ड येऊन वर्षच झालं होतं. म्हाताऱ्यांनी माझ्या पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी फोन लावला, माझं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, वाट पाहिली आणि फोन ठेवला. उत्तर आलं होतं, तूर्त थांबवा. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचं पाच मिनिटांत झालेलं मी पाहिलं होतं. माझे कान तापले. अकरा सप्टेंबरनंतरची ती वर्षंच तशी होती. विमानतळावर रांगेतून बाजूला काढलं जायची मला सवय होती, पण मावशींच्या समोर ते व्हावं याची लाज वाटली. मी म्हणालो, राहू दे, नको.

म्हाताऱ्यांना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. त्यांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली, त्यावर माझं नाव लिहिलं, स्पेलिंग मला दाखवून बरोबर करून घेतलं, आणि दोऱ्याने चिठ्ठी रायफलीला बांधली. "माझ्या सख्ख्या पुतण्यालाही दरवेळी थांबवतात," ते म्हणाले. "ही तुझी आहे. इथेच राहील." मावशी तोपर्यंत खिळ्यांच्या खणात काहीतरी शोधत होत्या. त्यांना खिळे नको होते हे मला परतीच्या वाटेवर कळलं.

बुधवारी मंजुरी आली. कामावरून सुटून मी पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. म्हाताऱ्यांनी रायफल बाजूला ठेवली आणि दोन नुसत्या दुर्बिणी घेऊन मला दुकानामागच्या कुंपणापाशी नेलं. एक माझ्या तक्त्यातली, चोवीसपटीची. दुसरी लहान, दोन ते सातपट, मागच्या वर्षीचं मॉडेल. किंमत जवळपास सारखी. समोर धान्याच्या कोठारामागे मेपलची रांग होती. कुंपणाच्या खांबावर हात टेकवून मी दोन्हींतून आळीपाळीने पाहत राहिलो. सुरुवातीला मोठीच सरस वाटली. दहा मिनिटं गेली, तसं तिच्यातलं चित्र दूध सांडल्यासारखं पांढुरकं होत गेलं आणि झाडं एकमेकांत मिसळली. लहान दुर्बिणीतून मात्र फांदी फांदी सुटी दिसत होती, एका फांदीवर कावळाही.

"हरिण बाहेर पडतं ते याच वेळेला," म्हातारे एवढंच म्हणाले.

मी लहान दुर्बीण घेतली. दुर्बीण रायफलीवर बसवून द्यायचे ते वीस डॉलर घेत. पाचशेची रेघ जवळ आली होती, आणि मी मेकॅनिकल इंजिनियर. स्क्रू मीच आवळीन, असं मी ऐटीत सांगितलं.

त्या रविवारी मावशींच्या घरामागच्या शेतात, मातीच्या उंच बांधासमोर, पहिली गोळी झाडली. नेम धरून तीन गोळ्या, तीन दिशांना. दुर्बीण सारखी केली, पुन्हा तीन. आणखीच वाट लागली. पंधरा गोळ्या संपल्यावर मी म्हणालो, की जुनी वस्तू शेवटी जुनीच, म्हाताऱ्यांनी फसवलं.

मावशींनी रायफल मागितली, बोल्ट उघडला, आत बोट घालून पाहिलं, आणि दुर्बीण अंगठ्याने दाबली. ती केसभर हलली. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू मी करकचून आवळले होते. कड्यांखालची पट्टी जिच्यावर बसते ते स्क्रू मात्र अंदाजाने लावून नंतर आवळायचे राहूनच गेले होते. वर्षानुवर्षं मी कारखान्यात कुठला नट किती आवळायचा हेच ड्रॉइंगवर लिहीत होतो. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माणसाला नाव ठेवण्याआधी स्क्रू बघावेत," त्या म्हणाल्या.

तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं, त्यांच्याबद्दल काय बोललो तेही. त्यांनी मान डोलावली, सगळं सोडवलं, भोकांतलं तेल पुसलं, एकेक स्क्रू परत बसवला आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी तिन्ही गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ बसल्या.

हंगामाच्या पहिल्या पहाटे बायकोने स्वतः उठून बोल्ट माझ्या हातात दिला, आणि चहाचा थर्मास. मावशींच्या नवऱ्याने जमिनीपासून दहा फुटांवर लाकडी मचाण बांधलं होतं, वर छप्पर, आत दोन खुर्च्या. दिवसभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. बोटं बधिर होईपर्यंत काहीच घडलं नाही. उजेड संपता संपता एक शिंगाळा नर झाडीतून बाहेर आला. दुर्बिणीत तो लख्ख दिसत होता. त्याच्या मागे, फांद्यांच्या फटीतून, शेजाऱ्याच्या गोठ्याचं छप्परही दिसत होतं. मी चापावरचं बोट काढून घेतलं. तो निघून गेला. शिडी उतरून आम्ही खाली आलो. मावशी म्हणाल्या, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मादी आली, एकटी, साठ यार्डांवर, मागे गोळी अडवणारं टेकाड. मादीचा परवाना माझ्याकडे होता. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. ती उडी मारून झाडीत गेली. जखमी जनावर बिचकून दूर पळू नये म्हणून मावशींनी मला अर्धा तास हलू दिलं नाही, थर्मासचं झाकण भरून हातात दिलं. मग आम्ही माग काढत गेलो. पन्नास पावलांवर, हेमलॉकच्या झाडाखाली ती पडली होती. मी मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी हात जोडले. मावशींनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याही थांबल्या.

ओढण्याचं काम माझं होतं. त्या दोन्ही रिकाम्या रायफली घेऊन हळूहळू मागून येत होत्या. अर्ध्या वाटेत मी दम खायला थांबलो, तेव्हा त्या मचाणाकडे बघत म्हणाल्या, "मी ते यंदा पाडून टाकणार होते. दुसरी खुर्ची रिकामी ठेवून मला वर बसता आलं नसतं."

मी दोर पुन्हा खांद्याला घेतला.

निम्मं मांस त्यांचं, निम्मं आमचं झालं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला बायकोने त्यांना घरी बोलावलं. हरणाचं मटण तिने तिच्या आईच्या पद्धतीने, काळ्या मसाल्यात केलं, पाहुणीसाठी तिखट निम्मं करून. तरी मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुन्हा वाढून घेत होत्या. मला रायफल निवडायला मदत केल्याबद्दल बायकोने त्यांना थँक्यू म्हटलं, आणि मला वाटतं, तिने ते मनापासून म्हटलं.

आणखी एक हंगाम आम्ही त्या मचाणावर बसलो. 2008 च्या उन्हाळ्यात बायकोला कॅलिफोर्नियात सांता क्लाराला चांगली नोकरी मिळाली. निघण्याआधी मी मावशींचा निरोप घ्यायला गेलो. काय काय म्हणायचं ते गाडीत घोळवलं होतं, की या गावात मी तुमच्यामुळे गावचा झालो, वगैरे. त्या अंगणात लाकडं रचत होत्या. मी पण रचायला लागलो. तासाभराने रास पुरी झाली. तेव्हा मी जेमतेम एवढंच म्हणू शकलो, की तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत.

त्यांनी हातमोजे काढले. "नोव्हेंबरात शेजारच्यांची सून येणार आहे माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तिला काहीच येत नाही. पण तिने विचारलं." मग त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवर दोन थापा मारल्या, आणि कॉफी ठेवते म्हणून आत गेल्या.