तुळशीची गाडगी

माशी लागलेला आंबा वरून पिवळाधमक दिसतो आणि कापला की आत अळ्या वळवळतात. बाळापूरजवळच्या आमच्या आमराईत दर उन्हाळ्यात हेच व्हायचं. मग आईने तुळशीचा पाला ठेचून पाण्यात कालवला आणि गाडग्यांत भरून फांद्यांना टांगला. वासाने माश्या येत आणि बुडून मरत. पाला खुडताना ती दर वेळी तुळशीला हात जोडी. देवाचं झाड जीव घ्यायला लावलं, हे तिला सलायचं.

त्या साली आंबे पहिल्यांदा चांगले निघाले आणि त्याच साली कापसाला सोन्याचा भाव आला. बापाने आमराई तोडून तिथे कपाशी पेरली. आईला विचारलं नाही. विचारायची त्याची रीतच नव्हती. गाडगी तिने उतरवून घरी आणली.

कार्तिकात कपाशीच्या बोंडांत अळ्या निघाल्या. बाप तणतणत घरी आला. "तुये गाडगे कुठी हायेत? टांग आता वावरात."

ती माशी वेगळी आणि ही अळी वेगळी, हे आई सांगू शकली असती. तिने चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं. ते आंब्याचंच होतं.

"कुठी टांगू? झाड ठेवलं का तुमी एक तरी?"